उभ्या माणसाचं माप

मी शिवलेल्या पहिल्या नऊ बंड्यांपैकी सहा एकाच रात्री, एकाच प्रवेशात आणि एकाच जागी उसवल्या. कॉलेजची एकांकिका होती. शेवटी मावळे पालखी खांद्यावर घेतात, ढोल वाजतो आणि पडदा पडतो. पालखी वर गेली तशी काखेखालची शिवण टरटरत गेल्याचा आवाज मी विंगेत ऐकला. प्रेक्षक टाळ्या वाजवत होते आणि मी मनातल्या मनात हिशेब करत होते: इंचाला टाके किती घातले होते, दोरा कच्चा निघाला का, टीप दोनदा मारायला हवी होती का.

दुसऱ्या दिवशी बंड्यांचं गाठोडं घेऊन गल्लीतल्या मास्तरांकडे गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या दुकानात काजं करायला बसायची माझी सवय होती, त्यामुळे रागावण्याचा हक्क त्यांना होताच. त्यांनी शिवणीकडे बघितलंसुद्धा नाही. एक बंडी पालथी घातली, पाठीवर टेप धरला आणि विचारलं, ‘‘माप घेतलंस तेव्हा पोरं काय करत होती?’’

‘‘उभी होती.’’

‘‘आणि नाटकात काय करतात?’’

‘‘पालखी उचलतात.’’

‘‘मग उभ्या माणसाच्या बंड्या शिवल्यास तू. पोरं नुसती उभी राहिली असती तर एक टाका निघाला नसता.’’

पुढे बरीच वर्षं मी रंगमंचासाठी, शाळांच्या स्नेहसंमेलनांसाठी आणि घरच्या माणसांसाठी बंड्या आणि जाकिटं शिवत आले. शिवणाचे वर्ग घेतले, आकृत्या काढल्या, त्यांचं हे पुस्तक झालं. पण पुस्तकात जे सांगायचं आहे ते मास्तरांनी त्या सकाळी सांगून टाकलं होतं. बिनबाह्यांचा कपडा अंगाला बेतायचा असतो, तसाच तो कामालाही बेतायचा असतो. कपडा घालून माणूस काय करणार आहे हे ठाऊक नसेल तर छाती, कंबर, उंची यांचे आकडे अर्धीच गोष्ट सांगतात.

बाही गेली म्हणजे निम्मं काम गेलं, असं शिकाऊ माणसाला वाटतं. ते खोटं नाही. बाही मुंढ्यात बसवणं ही शिवणकामातली सर्वांत छळणारी पायरी, आणि तीच इथे नाही. म्हणूनच वर्गात पहिला मोठा कपडा म्हणून मी जाकीट घ्यायला लावते. पण बाहीबरोबर तिचं पांघरूणही जातं. सदऱ्याचा मुंढा थोडा वाकडा कापला गेला तर बाही ते झाकते. बंडीचा मुंढा हीच बंडीची कड; ती जगाला दिसते आणि घालणाऱ्याला दिवसभर काखेत जाणवते. मुंढ्याचा गोल भाग तिरक्या धाग्यावर येतो, त्यामुळे कापल्याबरोबर तो ताणू लागतो. हाताळता हाताळता तो इतका सैलावतो की शिवून झाल्यावर काखेपाशी ओठ काढून उभा राहतो. म्हणून बेतल्याबरोबर, दुसरं काही करण्याआधी, त्या कडेवर एक साधी टीप मारून ठेवायची. बंडी शर्टावर घालायची असेल तर मुंढा शर्टाच्या मुंढ्याहून अर्धा-पाऊण इंच खाली हवा, नाहीतर शर्टाची बाही काखेत गोळा होते. फार खाली नेला तर आतला शर्ट डोकावतो आणि बंडी खांद्यावर टाकलेल्या पोत्यासारखी दिसते. या अर्ध्या-पाऊण इंचावर पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण आहे. ते मोठं झालं आहे याची मला कल्पना आहे. लहान करता आलं नाही.

आता थोडं नावांविषयी. या घराण्यात बंडी आहे, फतुई आहे, जाकीट आहे, सुटातला वेस्टकोट आहे. कोपरापर्यंतच बाही असलेली कोपरी ही त्यांची चुलत बहीण, आणि बारा बंदांनी बांधायची बाराबंदी ही थोरली आत्या. बाराबंदीला बाह्या असतात, तरी तिला मी या पुस्तकात जागा दिली आहे. कारण बंद कसे लावायचे हे तिच्याकडूनच शिकावं. संक्रांतीच्या सुमाराला सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर पांढऱ्या बाराबंद्या घातलेली हजारो माणसं चालतात. एरवी पँट-शर्टात असलेला माणूस त्या दिवसांत बाराबंदी चढवतो. म्हटलं तर तो वेश आहे, म्हटलं तर त्याचा नेहमीचा कपडा. ‘वेशभूषा’ आणि ‘रोजचे कपडे’ असे दोन वेगळे भाग पाडायचं मी टाळलं, त्याचं एक कारण ही यात्रा आहे.

शब्दांचेही प्रवास आहेत. ‘काज’ हा पोर्तुगिजांच्या ‘कासा’वरून आला, कासा म्हणजे घर, आणि बटणाचंही घर. गोव्यात बटणाला अजून ‘बुतांव’ म्हणतात, तोही पोर्तुगिजांकडचाच. आतून घालायचा गंजीफ्रॉक हा इंग्लंड-फ्रान्सच्या मधल्या गर्न्सी बेटावरच्या विणलेल्या सदऱ्याचं नाव घेऊन आला. आणि ‘बनियन’ हा आपल्याच वाण्यांच्या नावावरून साहेबांनी केलेला शब्द. तो त्यांच्याकडे सैल झग्याला लागला, परत आला तो आतल्या कपड्याचं नाव होऊन. कपड्यांनी समुद्र ओलांडले तसे शब्दांनीही.

वेस्टकोटाची जन्मतारीख मात्र बऱ्यापैकी ठाऊक आहे, आणि कपड्यांच्या इतिहासात असं क्वचितच घडतं. १६६६ च्या सप्टेंबरात लंडन शहर जळालं. पुढच्याच महिन्यात राजा दुसरा चार्ल्स याने दरबारासाठी नवा पोशाख ठरवला, त्यात ‘वेस्ट’ होता. सॅम्युअल पीप्सने रोजनिशीत त्याची नोंद करून ठेवली आहे. बघणाऱ्यांना तो घाट इराणी वाटला. फ्रेंच फॅशनच्या मागे धावण्यापेक्षा पूर्वेकडचा कपडा बरा, असा त्यात भाव होता. तो पहिला वेस्ट गुडघ्यांपर्यंत लांब होता. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत तो आखूड होत कमरेपर्यंत आला आणि बाह्याही गळाल्या. वरून कोट असायचा, पाठ कुणाला दिसायची नाही. म्हणून पुढच्या दोन भागांवर रेशीम आणि भरतकाम, आणि मागे साधं स्वस्त कापड. घट्ट-सैल करायला पाठीवर बंद. आजच्या सुटातल्या वेस्टकोटाची पाठ अस्तराच्या कापडाची असते आणि तिला बारीक बक्कल असतं, ते याच काटकसरीतून आलं.

आपल्या बंडीची गोष्ट याच्या उलट आहे. शेतात वाकलेल्या माणसाची पाठच आधी दिसते, आणि उन्हाने, घामाने, ओझ्याने विरतेही तीच आधी. तिला स्वस्त कापड लावून चालत नाही. जुन्या बंड्यांना खांद्यावर आतून दुहेरी पट्टी लावलेली असे, ती शोभेसाठी नव्हती. तिथे पोतं टेकायचं. जवाहर जाकीट या दोन्ही कुळांना जोडतं. परदेशात ज्याला नेहरू जॅकेट म्हणतात त्याला बाह्या असतात. आपलं जवाहर जाकीट बिनबाह्यांचं, उभ्या बंद गळ्याचं, कुडत्यावर घालायचं. वरचा कोट गेला तशी पाठ उघडी पडली, आणि पाठीला पुन्हा पुढच्याइतकंच चांगलं कापड लावावं लागलं. शिंप्याच्या दृष्टीने एवढाच फरक, पण कापडाचा हिशेब त्याने बदलतो.

स्वातंत्र्यलढ्याच्या काळात महाराष्ट्रात हा कपडा दोन वेगळ्या गोष्टी बोलत होता. बाबासाहेब आंबेडकरांच्या कितीतरी छायाचित्रांत कोटाच्या आत वेस्टकोट दिसतो, आणि गावोगावच्या पुतळ्यांमुळे तो सूट आपल्या नजरेत कायमचा बसला आहे. ज्यांनी कसा कपडा घालावा हे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी ठरवलं, त्यांच्यासाठी अंगावरचा पूर्ण सूट हा हक्काचा उच्चार होता. खादीची बंडी घालणारा कार्यकर्ता मात्र अंगावरचं कमी करत गरिबाच्या जवळ जाऊ पाहत होता. एकाने वेस्टकोट चढवला, दुसऱ्याने कोट उतरवला. नाटकासाठी १९३० च्या सुमाराची पात्रं सजवताना हे लक्षात ठेवलं नाही तर सगळे सारखेच दिसतात, आणि मग संवादांवर नको इतका भार पडतो.

रंगमंचाचा विषय निघालाच आहे तर तिथले नियम सांगते. नाटकातला कपडा लांबून बघितला जातो. पंधराव्या रांगेतल्या माणसाला बारीक टाका दिसत नाही, रेषा दिसते. म्हणून तिथे गोट रुंद घ्यावा, खांदा ठळक घ्यावा आणि कापडाच्या नक्षीपेक्षा त्याच्या वजनाकडे लक्ष द्यावं. पिवळ्या उजेडात गडद निळं काळं दिसतं, तेव्हा रंग दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ठरवू नये. चमकणारं साटीन मावळ्याला शोभत नाही, पण भाड्याच्या कपड्यांत तेच जास्त असतं. नवं कोरं कापड चहाच्या पाण्यात बुडवून, खिशाच्या तोंडाशी आणि मानेपाशी काचकागद फिरवून जुनं करता येतं. कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना ‘गांधी’ या १९८२ च्या चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळालं, आणि भारताचं ते पहिलं ऑस्कर एका शिवणाऱ्या-बेतणाऱ्या हाताला मिळालं याचा मला फार आनंद आहे. तो चित्रपट पुन्हा बघाल तेव्हा माणसांकडे न बघता त्यांच्या अंगावरच्या कपड्यांकडे बघा. ते कपडे कुणीतरी रोज वापरलेले वाटतात.

काळाचं भान हे दुसरं. शिवकाळातल्या पात्राच्या छातीवर प्लास्टिकच्या बटणांची ओळ दिसली की मला पुढचे संवाद ऐकू येत नाहीत. त्या काळच्या चित्रांत अंगरखे बंदांनी बांधलेले दिसतात. बंद कोणत्या बाजूला, यालाही अर्थ होता: मुघल काळातल्या रिवाजाप्रमाणे हिंदू डाव्या बाजूला बांधत आणि मुसलमान उजव्या. प्रेक्षकांतल्या शंभरांपैकी एकाला हे ठाऊक असेल, पण त्या एकासाठी बंद योग्य बाजूला लावायला जास्तीचे कष्ट पडत नाहीत. अर्थात पात्राला दोन प्रवेशांच्या मध्ये मिनिटभरात कपडे बदलायचे असतील तर बारा गाठी सोडवत बसता येणार नाही. तिथे बंद वरून शिवून टाकावेत आणि खाली हूक लावावेत. वेल्क्रो लावू नये. शांत प्रसंगात विंगेतून येणारा त्याचा आवाज मी ऐकला आहे.

तिसरा नियम मायेचा. शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडाला आपण माया म्हणतो. घरच्या कपड्याला अर्धा-पाऊण इंच माया पुरते. नाटकाच्या बंडीला बगलेत दीड इंच ठेवावी, कारण आजचा नट उद्या बदलतो, पुढच्या वर्षी तीच बंडी तिसऱ्याच्या अंगावर चढते. जाडजूड मावळ्याची बंडी सडपातळ पोराला टाचून देता येते. उलटं करायचं तर माया असावी लागते. आतलं अस्तर वेगळं निघेल असं लावलं तर घामाचं अस्तर धुता येतं आणि वरचं हिमरू किंवा रेशीम वाचतं.

रोजच्या बंडीत प्रेक्षक आणि नट एकच असतो, म्हणून तिथे नियम आतून बाहेर येतात. सर्वांत आधी खिसा. जुन्या शेतकऱ्याच्या बंडीला आतून छातीपाशी चोरखिसा असे. बाजारातून येताना पैसे तिथे, आणि वाकलं तरी पडू नयेत म्हणून तोंड तिरकं. त्या तिरक्या तोंडाचं कारण मला एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने समजावून सांगितलं, तोवर मी ते फॅशन समजत होते. वायरमनला पुढे खिसे हवेत, दुचाकीवर दिवसभर फिरणाऱ्याला छातीवर दुहेरी कापड हवं, सकाळी फिरायला जाणाऱ्या आजोबांना मान झाकणारी पट्टी हवी. मी वर्गात पहिल्या दिवशी कापड आणायला सांगत नाही. ज्याच्यासाठी शिवायचं आहे तो दिवसभरात काय काय उचलतो, कुठे हात घालतो, किती वेळा वाकतो, याची यादी करून आणायला सांगते.

आणि बायकांचे खिसे. ऊसतोडीला किंवा कापूस वेचायला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा किंवा भावाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. पाचटाने हात कापले जाऊ नयेत, ऊन लागू नये म्हणून तो असतो, आणि त्याला खिसाही असतो. हे बघितल्यापासून ‘बंडी सर्वांना सोयीची’ असं मी म्हणत नाही. ज्या कामात हातच चिरले जातात तिथे बाही हवीच. पण घरकाम, दुकान, शाळा, बँक इथे काम करणाऱ्या बायकांना साडीवर किंवा पंजाबी ड्रेसवर घालता येईल अशी, खोल खिशांची हलकी बंडी शिवून देण्यासारखं दुसरं समाधान नाही. त्यासाठीच्या दोन आकृत्या या पुस्तकात आहेत. छातीचा टक्स मुंढ्यातून काढायचा की बगलेतून, याची चर्चा तिथे सविस्तर केली आहे. पुरुषांच्या जाकिटाचा आकार लहान करून बायकांचं जाकीट होत नाही.

कापडाबद्दल एवढंच, की घाई करू नका. प्रत्येक आकृती आधी मांजरपाटात कापून बघा. मांजरपाट स्वस्त असतं, खडूची रेघ छान धरतं आणि चूक लपवत नाही. मग खरं कापड. मध्यम अंगाच्या पुरुषाच्या जाकिटाला ३६ इंच पन्ह्याच्या खादीचं साधारण दीड ते पावणेदोन मीटर कापड लागतं. ५८ इंच पन्हा असेल तर ऐंशी सेंटिमीटरमध्ये भागतं, कारण दोन पुढचे भाग आणि पाठ शेजारी शेजारी मावतात. बागलकोटकडच्या गुळेदगुड्डचा खण आता चोळीतून निघून जाकिटात आला आहे. त्याचा पन्हा लहान असतो, तेव्हा तो फक्त पुढच्या भागाला लावून पाठ साध्या सुती कापडाची करावी. इथे दुसऱ्या चार्ल्सच्या दरबाऱ्यांची काटकसर आपल्या उपयोगी पडते. औरंगाबादचं हिमरू सुंदर, पण त्याचे जादा धागे उलट बाजूला मोकळे असतात, त्याला अस्तर हवंच. घोंगडीचं जाकीट उबदार होतं; त्याच्या शिवणी उलगडून चपट्या केल्या नाहीत तर खांद्यावर दोरखंड ठेवल्यासारखं वाटतं.

पुस्तकात ‘हातशिलाई’ हा शब्द भेटेल, त्याने गैरसमज होऊ नये. माझ्याकडे पायमशीन आहे आणि लांब शिवणी मी तिच्यावरच मारते. यंत्रांविषयी एवढा साशंक असलेल्या गांधीजींनीसुद्धा सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केला होता, तर आपण कशाला सोवळं पाळायचं? मशीन सरळ रेषेत आपल्यापेक्षा चांगलं चालतं. हात लागतो तो वळणावर: मुंढ्याची उरेबपट्टी आत दुमडून टाचताना, काज करताना, आणि अस्तर लावलेलं जाकीट उलटून काढल्यावर शेवटचं तोंड बंद करताना. हे उलटणं वर्गातला सर्वांत आवडीचा क्षण असतो. वरचं कापड आणि अस्तर सुलट बाजू आत ठेवून गळा, पुढची कड आणि मुंढे शिवलेले असतात, बगला उघड्या असतात. मग दोन्ही पुढचे भाग खांद्याच्या चिंचोळ्या बोगद्यातून पाठीकडे ओढून बाहेर काढायचे. अर्धा मिनिट सगळं बोचक्यासारखं दिसतं, शिकणाऱ्याचा चेहरा पडतो, आणि मग एकदम जाकीट हातात येतं. वळणांना आधी चिरा दिल्या नसतील तर मात्र तेच जाकीट सुरकुतलेलं बाहेर येतं. चिरा द्यायला विसरू नका, असं मी पुस्तकात चार ठिकाणी लिहिलं आहे. संपादकांनी त्यांतली तीन काढायला सांगितली. मी ऐकलं नाही.

पुस्तक कुठूनही उघडलं तरी चालेल, पण मापांचं प्रकरण सोडू नका. त्यात प्रत्येक माप दोनदा घ्यायला सांगितलं आहे: एकदा माणूस उभा असताना, एकदा त्याच्या कामाच्या पवित्र्यात. हात छातीवर बांधले की पाठीची रुंदी सहज दीड-दोन इंचांनी वाढते. ते जादा कापड पाठीच्या मधोमध चुणी घालून द्यायचं, बगलेला चीर ठेवून द्यायचं की नुसता सैलपणा वाढवून द्यायचं, हे त्याचं काम ठरवेल. त्या एकांकिकेसाठी मी बंड्या पुन्हा शिवल्या तेव्हा मास्तरांनी सगळ्या पोरांना दुकानात बोलावून घेतलं. पालखी नव्हती, म्हणून दुकानातलं लांब बाकडं त्यांना खांद्यावर घ्यायला लावलं आणि तसंच, बाकडं खाली न ठेवता, एकेकाच्या पाठीवर टेप धरला. पोरं घामाघूम होऊन हसत होती. मास्तर आकडे सांगत होते, मी लिहून घेत होते.

तुमच्याकडे बाकडं नसेल तर पाण्याने भरलेली कळशी चालेल. मांजरपाटाची कच्ची बंडी घालायला द्या, कळशी उचलायला सांगा, फडताळाच्या वरच्या कप्प्यातला डबा काढायला सांगा. काखेत कुठे ओढतंय ते त्यांनाच विचारा, तिथे खडूने खूण करा, आणि मगच खऱ्या कापडाला कात्री लावा.